अहवाल, नोटीस, अर्ज: न दिसणाऱ्यालाही वाचता येतील असे कसे तयार करावेत

वडगावात आमच्या नात्यातले एक मामा राहतात. उभं आयुष्य मागावर गेलं, मग मधुमेहानं नजर गेली. फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, चालू करून ते बातम्या ऐकतात, व्हॉट्सॲप चालवतात, बँकेचे मेसेज स्वतः तपासतात. चार वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल सभासदांच्या ग्रुपवर पीडीएफमध्ये आला. संध्याकाळी मामांचा मला फोन. “अगं, फोन बोलालाय गं, पण काय बोलालाय कळंना झालंय.” मी घरी जाऊन ऐकलं. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी फोन ‘ई जे के बी एच’ म्हणत होता. पान संपेपर्यंत हेच. तो अहवाल मीच टाइप केला होता.

बेळगावच्या शहापुरात मी वीस वर्षं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर टाइप करून छपाईसाठी पानं लावायचं काम करते. लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांचे जमाखर्च, शाळांच्या नोटिसा, पतसंस्थांचे अहवाल, आणि बहुतेक सगळं मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत. कागद देखणा छापून आला की काम झालं, असं मला वाटायचं. त्या संध्याकाळनंतर मी कामाची पद्धत बदलली. ती पद्धत इथं लिहिते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जे कोणी संस्थेचं, शाळेचं किंवा मंडळाचं टायपिंग करतात, त्यांच्यासाठी हे आहे. शुद्धलेखन तपासण्याची सवय असेल, तर हेही जमेल.

आधी यंत्र काय करतं ते समजून घ्या

अंध माणसाच्या फोनमध्ये किंवा संगणकात स्क्रीन रीडर असतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर, विंडोजवर एनव्हीडीए. एनव्हीडीए फुकट मिळतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी त्याचं काम सुरू केलं, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले, आणि हे दोघंही स्वतः अंध आहेत. स्क्रीन रीडर अक्षराचा आकार बघत नाही. अक्षरामागे संगणकानं साठवलेला जो संकेतांक असतो, तो वाचतो. पानावर ‘म’ दिसत असला तरी मागे इंग्रजी ‘ई’ साठवलेला असेल, तर तो ‘ई’च वाचणार. आणि कागदाचा फोटो काढून पाठवला असेल, तर त्याच्या दृष्टीनं पानावर काहीच नसतं.

कायदाही याच बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, या कायद्यात २१ आहेत. त्याचं कलम ४२ सांगतं की छापील, ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळाला पाहिजे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण केवायसीचं, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचं होतं. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा म्हणणाऱ्या पद्धतीत ॲसिड हल्ल्यातून वाचलेली आणि अंध माणसं अडकून पडत होती. केवायसीचे अर्ज आपल्याकडच्या गल्लीतल्या पतसंस्थाही भरून घेतात, म्हणून हा निकाल मला जवळचा वाटतो.

पहिली पायरी: फॉन्ट जुना आहे का, ते तपासा

सीमाभागातलं निम्मं दुखणं इथं आहे. आपल्याकडची डीटीपी केंद्रं अजूनही कृतिदेव, शिवाजी, जुनी श्रीलिपी यांवर चालतात, आणि कन्नड मजकूर जुन्या नुडी किंवा बरहा फॉन्टमध्ये येतो. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे किंवा कन्नडचे आकार बसवलेले असतात. डोळ्याला मराठी, यंत्राला इंग्रजी.

तपासायला अर्धा मिनिट लागतो. फाइलमधला एक परिच्छेद कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पेस्ट करा. मराठी मराठीच राहिलं तर तो युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेतांक असलेली पद्धत. इंग्रजी अक्षरांची माळ दिसली तर जुना फॉन्ट.

नवं काम असेल तर सरळ युनिकोडमध्ये टाइप करा. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक हे दोन्ही कीबोर्ड भाषेच्या सेटिंगमधून मिळतात. फोनवर जीबोर्ड आहे, त्यात मराठी बोलून टाइप करता येतं. जुन्या कीबोर्डवर हात बसलेल्यांना सुरुवातीला जड जातं. मला पहिले पंधरा दिवस रडू यायचं बाकी होतं, महिन्याभरात वेग परत आला. मराठी आणि कन्नड एकाच कागदावर असेल तर निर्मला यूआय घ्या. त्या एकाच फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या आहेत, त्यामुळे जाडी आणि उंची जुळते. फक्त मराठीसाठी ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे फॉन्ट चांगले.

जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतो, पण त्यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते, रफार एक घर पुढे-मागे सरकतो. सगळ्यात जास्त घोळ आपल्या मराठी ‘ऱ्य’चा होतो. ‘आचाऱ्यांना मानधन दिले’ म्हणजे स्वयंपाक्यांना, आणि ‘आचार्यांना मानधन दिले’ म्हणजे अध्यापकांना. मंडळाच्या जमाखर्चात हा फरक पैशांचा असतो. युनिकोडमध्ये नुक्तावाला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ असं टाइप केलं की बरोबर येतं. कन्व्हर्ट झाल्यावर ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून एकेक बघा.

डीटीपीवाल्यांच्या आणखी दोन सवयी सोडाव्या लागतात. ‘विषय’नंतर कोलनच्या जागी आपण विसर्ग ठोकतो, कारण दिसायला सारखाच. स्क्रीन रीडर मग ‘विषयह’ वाचतो, ‘दिनांकह’ वाचतो. कोलन हवा तिथं कोलनच टाइप करा. दुसरं म्हणजे मथळ्यावरच्या ‘श्री’च्या दोन्ही बाजूंना कीबोर्डवरच्या उभ्या रेघा टाकायची सवय. यंत्र त्या ‘उभी रेघ, उभी रेघ’ अशा वाचू शकतं. देवनागरीचा स्वतःचा दुहेरी दंड आहे, तो वापरा: ॥ श्री ॥. कागदावर ‘श्री’ असावी ही माणसांची इच्छा असते आणि ती राखता येते.

दुसरी पायरी: दोन भाषा वेगळ्या ठेवा आणि यंत्राला तसं सांगा

आपल्याकडची नोटीस म्हणजे डावीकडे मराठी ‘सूचना’, उजवीकडे कन्नड ‘सूचने’. मधे टॅब किंवा स्पेस मारून दोन रकाने उभे केलेले. स्क्रीन रीडर ओळ आडवी वाचतो. अर्धं वाक्य मराठी, पुढचं अर्धं कन्नड, मग पुन्हा मराठी. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसालाही यातून काही लागत नाही.

एक भाषा पूर्ण लिहा, मग दुसरी. दोन्हींना आपापलं शीर्षक द्या. अगदी वर एक ओळ त्या त्या लिपीत ठेवा: ‘कन्नड मजकूर पान ३ वर’, आणि तिला त्या शीर्षकाची लिंक द्या. कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावर आपल्या भागात किती तापतं, हे मला माहीत आहे. अडचण असेल तर दोन वेगळ्या फाइली करा. ऐकणाऱ्याला त्या उलट जास्त सोप्या पडतात.

यानंतर भाषेची खूण. वर्डमध्ये कन्नड मजकूर निवडा, रिव्ह्यू टॅबमध्ये लँग्वेज, तिथं सेट प्रूफिंग लँग्वेज, आणि कन्नड निवडा. मराठी मजकुराला मराठी. गूगल डॉक्समध्ये फाइल मेनूतून पूर्ण दस्तऐवजाची भाषा ठरवता येते, म्हणून तिथं दोन फाइली करणंच बरं. वेबपानावर मराठी भागाला ‘एमआर’ आणि कन्नड भागाला ‘केएन’ हा भाषेचा संकेत लावायला वेबसाइट करणाऱ्याला सांगा.

ही खूण कशाला, लिपीवरून कळत नाही का? कन्नडचं कळेल कदाचित. मराठी आणि हिंदी मात्र एकाच लिपीत आहेत. खूण नसेल तर यंत्र मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचायला घेऊ शकतं. मग बेळगाव, येळ्ळूर, हलगा, कडोली या गावांची नावं हिंदी वळणानं निघतात, आणि ‘चहा’चा ‘च’ ‘चंद्र’मधल्यासारखा होतो. एकदोन शब्द खपून जातात. बारा पानांचा अहवाल असा ऐकायचा म्हणजे डोकं उठतं.

तिसरी पायरी: शीर्षक ठळक करू नका, शीर्षक म्हणून लावा

आपण काय करतो, ओळ निवडतो, ठळक करतो, आकार वाढवतो. दिसणाऱ्याला ते शीर्षक वाटतं. यंत्राला ती फक्त मोठी ओळ असते. वर्डमध्ये होम टॅबवर स्टाइल्स असतात, तिथून हेडिंग १, हेडिंग २ लावा. कंट्रोल, ऑल्ट आणि १ एकदम दाबलं तरी लागतं. स्टाइलचा रंग-आकार आवडला नाही तर एकदा बदलून ठेवा, पुढे आपोआप तसाच येतो.

याचा उपयोग ऐकणाऱ्याच्या बाजूनं बघा. एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये ‘एच’ दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी. अहवालात संचालकांचं मनोगत, हिशेबनीसांचा अहवाल, ताळेबंद, पोटनियम दुरुस्ती असे भाग असतात. ज्याला ताळेबंद हवा, त्याला चार वेळा ‘एच’ दाबून तिथं पोहोचता आलं पाहिजे. नाहीतर मनोगताची चारही पानं ऐकल्याशिवाय सुटका नाही.

चौथी पायरी: तक्ते, आणि विशेषतः ताळेबंद

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

आपल्या पतसंस्थांचा पारंपरिक ताळेबंद सहा रकान्यांचा असतो. डाव्या अंगाला मागील वर्ष, भांडवल व देणी, चालू वर्ष. उजव्या अंगाला मागील वर्ष, मालमत्ता व येणी, चालू वर्ष. हिशेबनीसाला तो एका नजरेत कळतो. कानानं वाचणाऱ्याला मात्र एकाच ओळीत भागभांडवल आणि हातातली रोकड असं एकमेकांशी संबंध नसलेलं ऐकू येतं, आणि कुठला आकडा कुणाचा हे धरता येत नाही.

मी आता तो दोन तक्त्यांत फोडते. पहिला भांडवल व देणी, दुसरा मालमत्ता व येणी. प्रत्येकात तीनच रकाने: तपशील, मागील वर्ष, चालू वर्ष. छापायला जुना नमुना हवाच असेल तर छापील प्रतीत तो ठेवा, डिजिटल प्रतीत फोडलेला द्या. आकडे तेच राहतात, त्यामुळे लेखापरीक्षकांची हरकत आजवर आलेली नाही.

तक्ता नेहमी इन्सर्ट मेनूतून घालावा, टॅब मारून नाही. पहिली ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ लावा, म्हणजे ती मथळ्याची ओळ आहे हे यंत्राला कळतं आणि तक्ता पुढच्या पानावर गेला तरी मथळे सोबत जातात. घरं एकत्र जोडू नका. जोडलेल्या घरानंतर रकान्यांची मोजणी बिघडते. रिकामं घर सोडू नका, ‘नाही’ किंवा ‘०’ लिहा, कारण रिकाम्या घरावर ऐकणाऱ्याला कळत नाही की रक्कम नाही की टाइप करायची राहिली. आणि तक्त्याच्या आधी एक वाक्य लिहा: या तक्त्यात किती ओळी आहेत, काय आहे, एकूण किती. डोळसांनाही ते वाक्य आवडतं, असं माझ्या लक्षात आलंय.

आकड्यांबद्दल एवढंच: ‘०५/०८/२०२५’ ऐवजी ‘५ ऑगस्ट २०२५’ लिहा. ‘मु. पो. ता. जि.’ हे ‘मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा’ असं पूर्ण लिहा. पत्रिकेवरचं ‘चि. सौ. कां.’ यंत्राच्या तोंडून ऐकलंत तर पुढच्या वेळी ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’ असं पूर्णच लिहाल.

पाचवी पायरी: चित्रं, शिक्के, क्यूआर

चित्रावर उजवं क्लिक करा, ‘आल्ट टेक्स्ट’ निवडा, आणि त्या चित्रातून काय कळायला हवं ते एकदोन वाक्यांत लिहा. ‘फोटो’ किंवा ‘कार्यक्रमाचे छायाचित्र’ लिहून काही मिळत नाही. ‘शाळेच्या नव्या इमारतीला दारात पायऱ्या आहेत, डाव्या बाजूला उतार आहे’ हे लिहिलं तर चाकाच्या खुर्चीवरच्या अंध पालकाचंही काम होतं. किनारी, वेलबुट्टी, कोपऱ्यातला गणपती यांना ‘डेकोरेटिव्ह’ अशी खूण करा, म्हणजे यंत्र ते वगळून पुढे जातं. क्यूआर कोडखाली पत्ता किंवा लिंक अक्षरांत द्या. लिंकचं नाव ‘इथे क्लिक करा’ नको, ‘सभासद अर्ज डाउनलोड करा’ असं हवं.

सही-शिक्क्याचं काय? नोटिशीवर सही आणि शिक्का हवा म्हणून छापून, सही करून, स्कॅन करून ग्रुपवर टाकतात. तिथंच वाचनीय नोटीस मरते. स्कॅन ठेवाच, पण सोबत मूळ टाइप केलेली फाइल द्या. सहीच्या जागी ‘(सही) अध्यक्ष’ असं लिहा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचाच असेल तर त्याखाली कॅप्शनमध्ये नोटिशीचा पूर्ण मजकूर पेस्ट करा.

रंग, आकार, मांडणी

पूर्ण अंध नसलेल्या, पण कमी दिसणाऱ्या माणसांसाठी हा भाग. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १ असावा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. इंटरनेटवर हे मोजणारी फुकट साधनं आहेत. पिवळ्यावर पांढरं, भगव्यावर तांबडं ही आपली आवडती रंगसंगती या मापात बसत नाही. थकबाकी लाल रंगात दाखवत असाल तर शेजारी ‘थकीत’ असंही लिहा. अक्षर मी १४ पॉइंट ठेवते, ओळींमधलं अंतर दीडपट, कारण मराठीत मात्रा वर आणि उकार खाली जातात. मजकूर डावीकडे जुळवा. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांत खिंडारं पडतात आणि वाचनदोष असलेल्या मुलांची नजर ओळ सोडते.

अर्जातल्या ठिपक्यांच्या लांब रेघा यंत्र ‘ठिपका ठिपका’ असं मोजत बसतं. दोन रकान्यांचा तक्ता करा, डावीकडे ‘नाव’, उजवीकडे ‘इथे लिहा’. घरबसल्या भरायचा असेल तर गूगल फॉर्म सगळ्यात सोपा.

सहावी पायरी: पीडीएफ करताना

वर्डमधून प्रिंट देऊन पीडीएफ करू नका. त्यात शीर्षकं, तक्ते, चित्रांची वर्णनं, सगळी मेहनत गळून पडते. ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन पीडीएफ निवडा, ऑप्शन्स उघडा, ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी’ यावर खूण आहे ना बघा. लिबरऑफिसमध्ये ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’मध्ये ‘टॅग्ड पीडीएफ’ असतं. फाइलच्या माहितीत शीर्षक भरा, नाहीतर उघडताना ‘अहवाल फायनल नवीन दोन’ असं फाइलचंच नाव ऐकू येतं.

कोरलड्रॉमध्ये काम करणाऱ्यांना एक विनंती. छपाईला देताना आपण अक्षरं कर्व्हमध्ये बदलतो, म्हणजे फॉन्टची भानगड नको. कर्व्ह झाल्यावर अक्षर अक्षर राहत नाही, चित्र होतं. ती पीडीएफ फक्त छापखान्याला द्या, सभासदांना वर्डमधली. मजकूर आधी वर्डमध्ये पक्का करायचा आणि मग सजावटीला न्यायचा, ही शिस्त लावली की दुप्पट काम पडत नाही.

पीडीएफ झाल्यावरही एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. देवनागरी पीडीएफमध्ये कधी कधी वेलांट्या आणि जोडाक्षरं आतून विस्कटतात, वरून नीट दिसत असली तरी. तसं झालं तर पीडीएफसोबत वर्डची फाइलही पाठवा.

हाताशी फक्त जुना कागद असेल तर तो सरळ ठेवून ३०० डीपीआयवर स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्सनं उघडा. छापील मराठी आणि कन्नड दोन्हींचा मजकूर त्यातून निघतो. आकडे मात्र दोघांनी मिळून तपासा, एकानं मूळ वाचायचं, दुसऱ्यानं नव्यात बघायचं. देवनागरी १ आणि ९ यांत गल्लत होते.

सातवी पायरी: कानानं तपासणी

वर्डमध्ये रिव्ह्यू टॅबवर ‘चेक ॲक्सेसिबिलिटी’ आहे. वर्णन नसलेली चित्रं, मथळा नसलेले तक्ते ते दाखवतं. जुना फॉन्ट त्याला सापडत नाही, कारण त्याच्या लेखी ती व्यवस्थित इंग्रजी अक्षरं असतात. म्हणून पहिली पायरी यंत्रावर सोपवू नका.

मग एनव्हीडीए लावा, इन्सर्ट आणि खाली जाणारा बाण दाबा, आणि पडदा बंद करून ऐका. फोनवर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथं टॉकबॅक. ते चालू केल्यावर एका बोटानं उजवीकडे सरकवलं की पुढचा भाग, दोनदा टिचकी मारली की उघडणं. चालू करण्याआधी बंद कसं करायचं ते वाचून ठेवा. गूगलच्या बोलणाऱ्या सेवेत मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज आहेत, ते आधी उतरवून घ्या.

शेवटी, ज्याच्यासाठी केलं त्याला पाठवा, आणि त्याच्या वेळेचा मान ठेवा. आमच्या गल्लीतल्या कामात मी मामांना तपासणीचे पैसे घ्यायला लावते. पहिल्यांदा ते नको म्हणाले, मी ऐकलं नाही. गेल्या वर्षीचा अहवाल त्यांनी दोन दिवस ऐकला आणि तीन गोष्टी सांगितल्या. कन्नड भागाला भाषेची खूण लावायची राहिली होती. एका तक्त्यात दोन घरं जोडलेली होती. आणि बुडीत कर्जाची तरतूद मनोगतात एक आहे, ताळेबंदात दुसरीच. पहिल्या दोन चुका मी रात्रीच दुरुस्त केल्या. तिसरी त्यांनी लिहून घ्यायला सांगितली, सभेत विचारायला.